झुंबरची भिंत

झुंबर सातपुते रंगीत फोटोला ‘पेढ्याच्या खोक्याचं झाकण’ म्हणायचा. आणि म्हणायचा कुठे, तर माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर. माझं दुकान बोईसरला, स्टेशनकडून कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पाटीवर तीन रंगांत, मोठ्या अक्षरांत ‘सावे कलर लॅब’ लिहिलंय. त्या पाटीखाली उभं राहून त्याने मला हिणवायचं आणि मी त्याला कटिंग पाजायचा, असं आमचं वीस वर्षं चाललं. लोक त्याला मैत्री म्हणायचे. मीही म्हणायचो.

आता तो माझ्याकडे येत नाही. का येत नाही, हे बोईसरमध्ये सगळ्यांना अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं फक्त मला, त्याला आणि त्याच्या बायकोला माहीत आहे, आणि ते दोघं कुणाला सांगत बसणार नाहीत.

झुंबर मूळचा नगरकडचा. वडील तारापूरच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते, त्यामुळे तो वाढला इथेच. माझ्या दुकानापासून चार गाळे सोडून त्याचा स्टुडिओ, ‘झुंबर फोटो’. कारखान्यांत नव्याने लागणाऱ्या पोरांचे गेटपासचे फोटो, शाळेच्या फॉर्मचे फोटो आणि हंगामात लग्नं, यावर त्याचं घर चालायचं. उंच, किडकिडीत माणूस. बारा महिने पांढरा शर्ट आणि राखाडी पँट, लग्नातसुद्धा. आम्ही म्हणायचो, नवरीकडचे याला भटजी समजतात आणि नवऱ्याकडचे कंपाउंडर. तो हसायचा नाही. त्याला हसता येत नव्हतं असं नाही, पण स्वतःवर हसणं जमत नव्हतं, आणि अशा माणसाला छळायला मजा येते. मला तरी यायची.

लग्नाचे अल्बम मात्र त्याला रंगीतच करावे लागत. काळापांढरा अल्बम बघून नवरीची आई छातीच पिटेल. तेव्हा तो दीपाला, बायकोला, बोलावून घ्यायचा. दीपा आमच्या चिंचणीची, मला दादा म्हणणारी. काँप्युटरशेजारी स्टुलावर बसायची, मांडीवर शेंगांचं ताट, आणि सोलता सोलता सांगत राहायची. शालू मोरपंखी आहे, चेहरा जरा जास्त तांबूस झाला, कमी करा, हां, आता बरा. तो निमूटपणे तसं करायचा. आम्ही दारात उभं राहून बघायचो आणि त्याला ताटाखालचं मांजर म्हणायचो. रंग हा बायकांचा प्रांत, त्यात मी डोकं घालत नाही, असं त्याचं उत्तर. ते ऐकून तो आम्हाला आणखीच शिष्ट वाटायचा.

त्याचा जीव होता खारवलीच्या कोटावर. शिरगाव मागे टाकून किनाऱ्याने वर गेलं की समुद्राच्या तोंडावर हा लहानसा पोर्तुगीज किल्ला लागतो. तेव्हा बुरूज ढासळलेले, तटातून पिंपळ उगवलेले, आत गुरं बसायची. झुंबर दर रविवारी पहाटे दीपाला स्कूटरवर मागे बसवून तिथे जायचा. पंधरा वर्षं गेला. बुरुजाची उंची कळावी म्हणून तिला पायथ्याशी पाठमोरी उभी करायचा. त्यामुळे त्याच्या प्रत्येक फोटोत खाली कुठेतरी डोक्यावरून पदर घेतलेली, नखाएवढी दीपा असायची. फोटो अर्थातच काळेपांढरे. छापायला माझ्याकडेच यायचे. ते उत्तम होते, अगदी दगडाचा खरखरीतपणा बोटाला लागेल असे. मी हे त्याला एकदाही बोललो नाही.

छापले की तो ते घरी नेऊन पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. लावणार कुठे? स्टुडिओच्या भिंतीवर लग्नाची जोडपी होती, गिऱ्हाईक त्यांच्यामुळे येतं. एकदा चहा पिताना म्हणाला होता की, आयुष्यात एक भिंत मिळावी. तिच्यावर आपले फोटो, खाली आपलं नाव, आणि लोकांनी थांबून बघावं. याहून जास्त काही नको. मी म्हटलं, स्मशानात नवी शेड बांधतायत, तिथे विचारून बघ. दुकानातले सगळे हसले होते, आणि त्याने उरलेला चहा तसाच ठेवला होता.

मग ती भिंत खरंच चालून आली. एका ट्रस्टने कोट दुरुस्त करायला घेतला. कामावर पुण्याच्या एक आर्किटेक्ट होत्या, प्रियदर्शिनी मॅडम. दोन वर्षं काम चाललं. हाताखाली डोंगराकडच्या पाड्यांवरची माणसं, त्यात बाया जास्त. सिमेंटला बंदी, सगळं चुन्यात. मॅडमचा एक हट्ट होता. लांबून कोट एकसंध दिसावा, पण जवळ गेलेल्या माणसाला नवं काम कुठलं आणि जुनं कुठलं हे कळलंच पाहिजे, नाहीतर ती फसवणूक. म्हणून नव्या चुन्यात विटांची पूड मिसळलेली. जुन्या भिंतीवर वर्षानुवर्षांचं शेवाळ सुकून हिरवट झालेलं आणि मधूनमधून नव्या कामाचे तांबूस पट्टे. आंधळ्यालाही कळावं, असं आम्ही म्हणायचो.

दरवाजातून आत शिरलं की उजव्या हाताला पहारेकऱ्यांची देवडी आहे. तिथल्या लांब भिंतीवर बारा मोठे फोटो कायमचे लावायचे आणि खाली पितळी पट्टीवर फोटोग्राफरचं नाव, असं ठरलं. मॅडमनी झुंबरची पत्र्याची पेटी बघितली आणि काम त्याला दिलं. मला त्यांनी नुसतं छपाईचं विचारलं. मीही फोटो काढतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पण त्यांची अट होती की फोटो रंगीत हवेत. काळ्यापांढऱ्यात कोट जणू कधी पडलाच नव्हता असा दिसेल, आणि आपण काय केलं ते लपेल. झुंबरचं म्हणणं उलटं. रंगीतमध्ये ठिगळं दिसतात, किल्ला दिसत नाही. माणूस आजारातून उठला की त्याचा चेहरा काढायचा, सलाईनच्या खुणा काढायच्या नाहीत. दोघंही हट्टी. शेवटी ठरलं की त्याने दुरुस्त कोटाचे फोटो दोन्ही प्रकारांत काढायचे, त्यातल्या तीन जागा छापायच्या आणि भिंतीसमोर धरून निर्णय करायचा. त्याने आधी पन्नासएक काळेपांढरे काढले, रंगीत नंतर काढतो म्हणाला, सगळ्या फाइल माझ्याकडे दिल्या, आणि त्यातले तीन छापून मी कोटावर घेऊन गेलो.

तिथे, तटाला हात लावून, तो मॅडमना म्हणाला की रंगाने इथे कळणार तरी काय? तुमच्या माणसांनी नवं आणि जुनं इतकं बेमालूम मिसळलंय की डोळ्यांना फरकच दिसत नाही. मॅडमना वाटलं, हा खोचक बोलतोय. त्या हसल्या. मी मात्र भिंतीकडे बघत होतो. त्याचा हात जिथे होता तिथूनच हातभर रुंद तांबूस पट्टा वर गेला होता.

माझ्या मामेभावाला रेल्वेने याच कारणासाठी परत पाठवलं होतं. ठिपक्यांच्या गोलातला आकडा त्याला वाचता आला नव्हता. त्यामुळे मला समजायला वेळ लागला नाही. झुंबरला लाल आणि हिरवा एकच दिसत होता. ते दीपाचं स्टूल, तो पांढरा शर्ट, ते पेढ्याचं खोकं, सगळ्याचा अर्थ एका दमात लागला. कोल्ह्याला द्राक्षं आंबट होती. मला वाईट वाटलं नाही. आनंद झाला, भरपूर झाला, आणि बोईसरला परत येताना गाडीवर मी एकटाच हसत होतो.

पुढचा आठवडाभर मी त्याच्याशी मांजर उंदराशी खेळतं तसा खेळलो. बाजारात त्याला म्हटलं, जरा लाल मिरच्या निवडून दे. त्याने भाजीवालीलाच त्या निवडायला लावल्या. दुकानात म्हटलं, ती हिरवी फाइल दे. त्याने आधी प्रत्येक फाइलवरचं नाव वाचलं. मग मी एका नवरदेवाचा चेहरा मुद्दाम हिरवट छापून त्याला दाखवला, आणि तो म्हणाला, ठीक आलाय.

दीपाच्या ते लक्षात आलं. झुंबर बाहेर गेला असताना ती माझ्या दुकानात आली, गिऱ्हाईक जाईपर्यंत कोपऱ्यात उभी राहिली. मग सांगितलं. दहावीनंतर कारखान्यात इलेक्ट्रिशियनच्या शिकाऊ जागेवर तो निवडला गेला होता. डॉक्टरने डोळे तपासले आणि घरी पाठवलं, कारण लाल वायर आणि हिरवी वायर. त्याने वडिलांना सांगितलं की लेखी परीक्षेत नापास झालो. वडील मरेपर्यंत त्याला ऐतखाऊ म्हणत राहिले, आणि याने ऐकून घेतलं. डोळ्यांत खोट आहे म्हणून घेण्यापेक्षा त्याला ते बरं वाटलं होतं. आता कोटासाठी त्याने एक वही केली होती. दीपा त्याच्याबरोबर तटाच्या कडेने चालायची, नवं कुठे आहे ते सांगायची, आणि तो लिहून घ्यायचा. दक्षिण बुरूज, खालून चौथा थर. दरवाजाची डावी बाजू, कमरेइतकी. मग तो ते पाठ करायचा.

“कमलेशदादा, कोनाला सांगू नका,” ती म्हणाली. “त्यांना येवढी एकच भित पायजे हाय.”

मी गावदेवीची शपथ घेतली. आणि घेतली तेव्हा पाळणारही होतो, यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा.

पंधरा दिवसांनी मॅडमनी मधला मार्ग काढला. सहा फोटो रंगीत, सहा काळेपांढरे, सगळे झुंबरचे. तो खुशीत माझ्याकडे आला. दुकानात तेव्हा पाच-सहा माणसं होती, आणि काउंटरवर मी स्वतः काढलेला एक फोटो होता. मावळतीला कोट, लाल आभाळ, सोनेरी पाणी. मॅडमना दाखवीन म्हणून मी तो मोठा छापला होता. झुंबरने तो दोन बोटांनी उचलला, लांब धरला आणि म्हणाला, “कमलेश, यात किल्ला कुठंय? ही तर बर्फी आहे. वरती वर्ख लाव.”

माणसं हसली. एक बाई तर डोळ्यांना पदर लावून हसली. ज्याला स्वतःला लाल दिसत नाही तो माझ्या लाल आभाळावर बोलतोय, आणि शपथ घेतली म्हणून मी गप्प. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी त्याला चहा सांगितला, आणि तो पीत असतानाच ठरवलं.

काम पुरं झाल्यावर ट्रस्टची माणसं कोट बघायला येणार होती. गावकऱ्यांना बोलावलं होतं, मजुरांना नारळ आणि साडी देऊन सत्कार होता. त्याच दिवशी चिंचणीला दीपाच्या मावसबहिणीची हळद होती. मलाही आमंत्रण होतं, म्हणूनच मला ठाऊक होतं की ती कोटावर नसेल. आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. उत्तरेच्या तटाचं काम जेमतेम आठ दिवसांपूर्वी संपलं होतं. तो तट वहीत नव्हता.

सत्कार झाला. मॅडम पाहुण्यांना नव्या-जुन्याचं तत्त्व समजावून सांगत होत्या. मी बोलत बोलत सगळ्यांना उत्तरेला नेलं. खिशात खडू घालूनच आलो होतो.

“झुंबर,” मी म्हटलं, “पाहुण्यांना जरा दाखव. नवं कुठलं, तिथे खूण कर. फोटोग्राफरची नजर आहे.”

त्याने खडू घेतला आणि माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं. त्या वेळी मी हसून ‘राहू दे रे’ म्हटलं असतं तर अजून सावरता आलं असतं. मी म्हटलं नाही. ट्रस्टचे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, हां हां, दाखवा, आम्हालाही शिकू द्या.

झुंबर भिंतीपाशी गेला. तळहात दगडावरून फिरवला, बोटांनी सांधे चाचपले. ओलसर लागेल तिथे नवं, असा त्याचा हिशेब असावा, पण आठ दिवसांच्या उन्हाने सगळं सारखंच सुकलं होतं. त्याने एक फुली मारली. मग दुसरी. पाच मारल्या. पाचांतल्या चार हिरवट जुन्या भिंतीवर होत्या. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात काही उरलं नाही.

मजुरांच्या बायांत मंगळी होती. डोंगराकडची, अर्धं आयुष्य वीटभट्ट्यांवर गेलेली. चुन्यातली विटांची पूड तिनेच कांडलेली. साडी काखेत धरून ती पुढे आली आणि खळखळून हसली. तिला वाटलं, भाऊ मस्करी करतोय.

“ओ भाऊ, तो जुना हाय. नवा ह्यो, बाजूचा. लाल लाल हाय बगा,” ती म्हणाली. आणि तो हसत नाही असं बघून तिने साधेपणाने विचारलं, “तुमाला लाल दिसत नाय काय?”

मागच्या बाया हसल्या. मग पाहुण्यांतलं कुणी हसलं. मग सगळेच.

झुंबरने खडू तटाच्या कडेवर ठेवला आणि हात पँटला पुसला. राखाडी पँटवर पांढरा पंजा उठला. “नाही दिसत,” तो मॅडमना म्हणाला. “लाल आणि हिरवं मला एकच. जन्मापासून.” त्याने कॅमेऱ्याची बॅग उचलली आणि निघाला. मी मोठ्याने म्हणालो, अरे बापरे, वीस वर्षांत मला कधी बोलला नाही. सगळ्यांनी मान हलवली.

मॅडमना वाईट वाटलं. पण हे काम दुरुस्तीच्या नोंदीचं, त्यात रंगाचा भरवसा नको का, असं त्या म्हणाल्या. बारा फोटो माझे लागले. बाराही रंगीत. पितळी पट्टीवर ‘छायाचित्रे : कमलेश सावे’. उद्घाटनाला मी बायकोला घेऊन गेलो, पेपरात नावही आलं.

त्यानंतर बोईसरने झुंबरला जे केलं, ते मी एकट्याने कधी केलं नसतं. माणूस लंगडा असला तर त्याला कुणी पळून दाखव म्हणत नाही. पण रंगांधळा म्हटला की ज्याला त्याला परीक्षा घ्यावीशी वाटते. हा शर्ट कुठल्या रंगाचा? हे टोमॅटो कसं दिसतं? सिग्नलला काय करतोस? भाजीवाली विचारायची, बँकेतला शिपाई विचारायचा. गेटपासच्या फोटोला आलेले कारखान्यातले पोरगे खिशातला रुमाल काढून विचारायचे, “भैया, ये कौन सा कलर है?” तो सुरुवातीला उत्तर द्यायचा. चुकलं की ते एकमेकांना टाळ्या द्यायचे. बरोबर आलं की म्हणायचे, अंदाजे बोलला.

त्या हंगामातली चार लग्नं गेली. नवरी हिरवी करेल म्हणे. दोनशे अल्बम त्याने आधी करून दिले होते, एकात चूक नव्हती, पण लोकांनी ते कपाटातून काढून पुन्हा तपासले आणि ज्यांना शोधायची होती त्यांना चूक सापडली. अल्बमची गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. दीपा एका कारखान्यात पॅकिंगला लागली. स्टूल स्टुडिओच्या दारात आलं, त्यावर झुंबर बसायचा, रस्त्याकडे बघत.

मंगळी एकदा त्याच्याकडे आली होती, दोन बस बदलून. सत्कारातला नारळ तिने तसाच ठेवला होता, तो त्याच्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाली की माझ्या तोंडून गेलं, मला म्हाईत नव्हतं. त्याने तिला बसवून तिचा फोटो काढला आणि काळापांढरा छापून दिला. हे मला चहावाल्याने सांगितलं. झुंबर माझ्याकडे कधी काही विचारायला आला नाही. आला असता, भांडला असता, तर मला बरं वाटलं असतं.

देवडीला पश्चिमेकडे झरोका आहे. दुपारभर ऊन थेट त्या भिंतीवर, आणि हवा समुद्राची. दुसरा पावसाळा संपेपर्यंत माझ्या फोटोंतला लाल उडाला. लाल सगळ्यांत आधी उडतो, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, पण मोहात मी ते विसरलो होतो. बाराही फोटो निळसर, फिक्कट झाले आणि त्यांत नवं कुठलं, जुनं कुठलं, काही कळेना. झुंबरला कोट दिसायचा तसाच आता तो सगळ्यांना दिसत होता.

मॅडमचा पुण्याहून फोन आला. फोटो काढून टाका, काळेपांढरे लावू, ते टिकतात. मग म्हणाल्या, झुंबरभाऊंचंच ऐकायला हवं होतं. त्यांना विचारा, त्यांचेच फोटो लावू, त्यांच्या नावाने. माझ्याकडून त्यांची माफी मागा.

मी चार दिवसांनी फोन केला आणि सांगितलं की विचारलं, नाही म्हणतो. फार कडू झालाय. त्या म्हणाल्या, समजू शकते.

चार गाळे चालत जायला मला एक मिनिट लागलं असतं. मी गेलो नाही. मी आधी स्वतः प्रयत्न केला, तो मात्र प्रामाणिकपणे केला. तीन रविवार पहाटे उठून कोटावर गेलो आणि काळेपांढरे काढले. फोटो मेलेले आले. रंग काढून घेतल्यावर माझ्या फोटोंत काहीच उरत नव्हतं. मग दुकानातला काँप्युटर उघडला. झुंबरच्या चाचणीच्या पन्नास फाइल तशाच होत्या. मॅडमनी त्यातल्या फक्त तीन बघितल्या होत्या. मी दुसऱ्या बारा निवडल्या.

प्रत्येकीत दीपा होती. बुरुजाखाली, दरवाजापाशी, पश्चिमेच्या तटाखाली, डोक्यावरून पदर, पाठमोरी. चिंचणीच्या कुणीही ती उभं राहायची ढब ओळखली असती. शेजारचा दगड घेऊन मी तिच्यावर लावला. एका फोटोला अर्धा तास. बारा फोटोंतून बारा वेळा तिला पुसली. मग कोट फार मोठा दिसेना, पण चांगला दिसत होता. पितळी पट्टी बदलायची गरजच नव्हती.

फोटो लागल्यावर महिन्याभराने मॅडम कॉलेजची मुलं घेऊन आल्या आणि मला बोलावलं. रविवार होता. मी मुलांना काळ्यापांढऱ्याचं महत्त्व सांगत होतो, खरं सांगायचं तर झुंबरचीच वाक्यं सांगत होतो, आणि तेवढ्यात तो आत आला. मागे दीपा. कुणीतरी त्याला सांगितलं असणार की देवडीत आता काळेपांढरे लागलेत.

तो पहिल्या फोटोसमोर उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मग हात उचलला आणि काचेपासून बोटभर अंतरावर, बुरुजाच्या पायथ्याशी, बोट धरलं.

“इथं दीपा उभी होती,” तो म्हणाला.

दुसऱ्याकडे गेला. “इथं.” तिसऱ्याकडे गेला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, काय म्हणतायत ते? मुलं त्याच्या बोटाकडे बघत होती. मला काय बोलायचं ते बरोबर सुचलं, कारण असं बोलायला मला वीस वर्षांची सवय होती.

“मॅडम,” मी म्हटलं, “याच्या नजरेचं तुम्हाला माहीतच आहे.”

गावातले दोघे-तिघे दारात उभे होते, ते हसले. मुलांना बहुतेक खडूची गोष्ट कुणीतरी सांगितलेली होती, त्यांच्यातही खसखस पिकली. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी पुढे विचारलंही नाही. दीपा फोटोंकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिने मला दादा म्हटलं नाही.

झुंबर कुणाच्या हसण्याकडे वळला नाही. एकेका फोटोपुढे थांबत, बोट धरत, तो भिंतीच्या टोकापर्यंत गेला. मी मागून मोजत होतो. बाराही जागा बरोबर होत्या. शेवटी त्याने पितळी पट्टीवरचं नाव वाचलं, दीपाचा हात धरला, आणि ती दोघं पायऱ्या उतरून स्कूटरकडे गेली.

ते फोटो अजून तिथेच आहेत. ऊन दुपारभर त्यांच्यावर असतं, आणि काळी शाई उडत नाही.